गाडीतलं कार्पेट भिजलंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळ्यातली सकाळ. गाडीचं दार उघडून पाय आत ठेवला की खालून ‘छप्’ असा आवाज येतो. काचा वर होत्या, दारं नीट लागलेली होती, तरी आत पाणी. आमच्या ठाण्यातल्या गाडीत हे दोनदा झालं. पहिल्या वेळी दोन दिवस दारं उघडी टाकली, कार्पेट हाताला कोरडं लागलं आणि मी विषय संपवला. तीन आठवड्यांनी गाडीत ओल्या गोधडीसारखा कुबट वास सुटला. कार्पेट उचलून पाहिलं तर पहिलंच पाणी खाली आरामात बसलेलं होतं. खालची उत्तरं त्या फजितीतून आणि नंतर सोसायटीतल्या इतरांच्या गाड्यांत डोकं घालून मिळालेली आहेत.

कार्पेट वरून कोरडं लागतंय. मग वाळवायचं काय राहिलं?

खरं पाणी वर नसतंच. आपण ज्यावर पाय ठेवतो ते कार्पेट म्हणजे पॉलिएस्टरचा पातळ थर. त्याच्या खाली जाड फोम किंवा कापूस-तागाच्या चिंध्या दाबून केलेला नमदा असतो. रस्त्याचा आवाज आणि इंजिनची धग आत येऊ नये म्हणून तो घातलेला असतो. त्याच्याही खाली गाडीचा पत्रा. बऱ्याच गाड्यांत कार्पेटच्या पाठीला रबरासारखा जड थर चिकटवलेला असतो, आणि त्यातून वाफ वर येत नाही. म्हणजे वर झाकण, खाली पत्रा आणि मधे पाणी प्यालेला स्पंज. एका बाजूच्या नमद्यात काही लिटर पाणी सहज मावतं, आणि ते बाहेर पडायला वाट नसते.

कागदी नॅपकिनची चार पदरी घडी कार्पेटवर ठेवा आणि टाचेने अर्धा मिनिट जोर देऊन दाबा. कागद ओलसर झाला तर खाली पाणी आहे. कागद कोरडा राहिला म्हणून मात्र खात्री धरू नका. दाराच्या उंबऱ्याची प्लॅस्टिकची पट्टी वर ओढली की ती क्लिपांतून सुटते. तिथून कार्पेटची कड उचला आणि नमद्यात बोटं घाला.

आधी गळती शोधू की आधी वाळवू?

साचलेलं पाणी त्याच दिवशी काढा. ओल राहिली तर २४ ते ४८ तासांत बुरशी धरायला लागते आणि आपल्या पावसाळी हवेत ती तेवढाही वेळ घेत नाही असं वाटतं. पण गळती सापडेपर्यंत कार्पेट परत बसवू नका. उघडा पत्रा दिसत असताना पाण्याची वाट शोधणं सोपं असतं. शिवाय नीट वाळवलेल्या नमद्यावर पुढच्या सरीत पुन्हा पाणी पडलं की माणूस रडकुंडीला येतो.

पाणी येतं तरी कुठून?

माझ्या अनुभवात सगळ्यात मोठा गुन्हेगार म्हणजे झाडाखालचं पार्किंग. पुढच्या काचेच्या खाली, वायपरच्या बुडाशी प्लॅस्टिकची जाळी असते. काचेवरून ओघळलेलं पाणी तिच्यातून खालच्या पन्हाळीत जातं आणि दोन्ही बाजूंच्या भोकांतून चाकाच्या मागे जमिनीवर पडतं. गुलमोहराची बारीक पानं, सोनमोहराच्या पाकळ्या, पिंपळाची देठं त्या पन्हाळीत साचून चिखल होतो. भोकं बुजली की पाणी तुंबतं आणि एसीच्या हवेच्या तोंडातून किंवा वायरिंगच्या रबरातून सरळ आत उतरतं. आमच्या गाडीचं दुखणं हेच होतं. त्याआधी एका गॅरेजवाल्याने पुढच्या काचेचं सीलिंग नव्याने करून दिलं होतं. काच आधीही गळत नव्हती, नंतरही गळत नव्हती.

सनरूफ असेल तर संशयाची सुई तिकडे वळवा. सनरूफचं रबर सगळं पाणी अडवतं हा गैरसमज आहे. थोडं पाणी आत येणार हे धरूनच भोवती पन्हाळ केलेली असते आणि तिच्या कोपऱ्यांतून बारीक नळ्या खांबांच्या आतून खाली गेलेल्या असतात. नळी तुंबली किंवा जोडापाशी निसटली की पाणी छताच्या कापडावर डाग पाडत खांबातून पायाशी येतं. पन्हाळीत वाटीभर पाणी हळूहळू ओता आणि ते गाडीखाली पडतंय का ते बघा. नळी साफ करायला जाड तंगूस घाला. हवेचा जोरदार फवारा मारू नका, आतला जोड सुटला तर छत उतरवावं लागतं.

दारांचंही एक गुपित आहे. काचेच्या फटीतून पाणी दाराच्या पोटात जातंच आणि खालच्या भोकांतून बाहेर पडतं. दाराच्या आतल्या पॅनेलमागे चिकटवलेला प्लॅस्टिकचा पडदा हे पाणी केबिनमध्ये येऊ देत नाही. नवे स्पीकर बसवताना किंवा काचेची मोटर बदलताना हा पडदा फाडून तसाच लोंबकळत सोडला जातो. दाराचं काम झाल्यानंतरच्या पहिल्या पावसात कार्पेट भिजलं तर फार शोधाशोध करू नका.

याखेरीज इंजिन आणि केबिन यांच्या मधल्या पत्र्यातली रबरी बुचं असतात. मोठा हॉर्न किंवा अँप्लिफायर लावणारे त्यातून वायर ओवतात आणि भोक उघडंच ठेवतात. डिकीत पाणी असेल तर मागच्या दिव्यांची गास्केट आणि डिकीचं रबर बघा; ते पाणी स्टेपनीच्या खळग्यात साठतं आणि महिनोन् महिने कळत नाही.

पाऊस नाही, मे महिना आहे, तरी पुढच्या सीटखाली ओल. का?

हे एसीचं पाणी. दमट हवेत एसी चालला की आतल्या गार कॉइलवर पाणी धरतं आणि एका छोट्या नळीतून गाडीखाली टपकतं. ती नळी धूळ, शेवाळ किंवा किड्याच्या घरट्याने बुजली की तेच पाणी डॅशबोर्डच्या आतून पायाशी येतं, बहुतेक वेळा ड्रायव्हरच्या शेजारच्या बाजूला. दमट दिवशी पंधरा मिनिटं एसी लावून उभ्या गाडीखाली वाकून बघा. ठिबक नसेल तर नळी तुंबली आहे. गॅरेजमध्ये हे काही मिनिटांचं काम आहे. एवढ्यासाठी कोणी सगळा डॅशबोर्ड उतरवायची भाषा करू लागला तर दुसरीकडे विचारा.

पाणी चिकट असेल, गोडसर वास येत असेल, रंग हिरवा किंवा गुलाबी असेल आणि काचेवर तेलकट वाफ धरत असेल तर ते कूलंट आहे, हीटरच्या कोअरमधून गळतंय. ते विषारी असतं, लहान मुलं आणि कुत्र्यामांजरांना लांब ठेवा. कूलंट नुसतं वाळवून भागत नाही, भरपूर पाण्याने धुवून काढावं लागतं. आणि इंजिन तापायच्या आत गाडी मेकॅनिककडे न्या.

मागची बाजू भिजली म्हणजे गळती मागेच असणार ना?

तसं नाही. पाणी उतार बघतं. पुढे शिरलेलं पाणी नमद्यातून आणि वायरिंगच्या खाचेतून मागे झिरपतं. खंबाटकीसारखा घाट चढलात की उरलंसुरलंही मागे जातं. म्हणून ओल कुठे दिसते यापेक्षा सगळ्यात वरची ओली खूण कुठे आहे ते महत्त्वाचं.

शोधायला दोन माणसं लागतात. एक टॉर्च घेऊन आत, दुसरा बाहेर पाण्याचा पाइप धरून. पाइपला प्रेशरचं नोझल नको, साधी धार पुरे. खालून सुरुवात करा: आधी दाराचा खालचा भाग, मग काचेची कड, मग वायपरची जाळी, सगळ्यात शेवटी छत. प्रत्येक जागी पाचेक मिनिटं धीर धरा. आधी छतावर पाणी ओतलं तर ते सगळीकडून ओघळतं आणि काहीच कळत नाही. आत संशयाच्या जागी टाल्कम पावडर भुरभुरली तर पाण्याची रेघ स्पष्ट उठते.

कार्पेट नेमकं वाळवायचं कसं?

मॅट काढून बाहेर टाका. बाकी सगळं काम पाणी उपसण्याचं आहे. वारा आणि ऊन नंतर. ओलं-सुकं दोन्ही ओढणारा व्हॅक्यूम क्लीनर मिळाला तर अर्धी लढाई जिंकलात. तोंड कार्पेटवर दाबून धरा आणि इंचाइंचाने सरका. घरातला साधा व्हॅक्यूम क्लीनर यासाठी वापरू नका. पाणी मोटरमध्ये गेलं तर शॉक बसू शकतो. मशीन नसेल तर जुने टॉवेल पसरून त्यावर उभे राहा, पिळा, पुन्हा पसरा. कंटाळवाणं आहे, पण बालदी भरते तेव्हा समाधान वाटतं.

मग उंबऱ्याच्या पट्ट्या काढून कार्पेटची कड उचला आणि खाली लाकडाचा ठोकळा किंवा रिकामी बाटली अडकवा, म्हणजे नमदा आणि पत्रा यांच्या मधे हवा खेळेल. टेबल फॅनचा झोत थेट त्या फटीत सोडा. फॅन आणि त्याची वायर ओल्यात ठेवू नका. निम्म्याहून जास्त भाग भिजला असेल तर पुढच्या सीट काढून कार्पेट पूर्ण बाहेर घेणं हाच खरा उपाय. नमदा सुटा असेल तर तो वेगळा करा, पिळू नका, फाटतो. उतरत्या फळीवर किंवा उलट्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर ठेवून निथळू द्या. चिंध्यांचा नमदा सडून तुकडे पडत असेल तर टाकून द्या आणि त्या जाडीचा नवा बसवा.

पत्रा पुसून कोरडा करा. गंजाची फुलं दिसली तर घासून त्यावर प्रायमर मारा. पत्र्यातलं रबरी बूच काढून पाणी खाली सोडलंत तर ते आठवणीने परत लावा. पुढच्या डबक्यातलं पाणी त्याच भोकातून वर येतं, आणि उंदीरही.

सीट मीच काढू का?

सीटचे चार बोल्ट काढणं अवघड नाही, खालच्या वायरी अवघड आहेत. पिवळा कनेक्टर दिसला की तो एअरबॅगचा किंवा सीटबेल्टच्या ताणयंत्राचा समजा. इग्निशन बंद करून बॅटरीचं निगेटिव्ह टोक काढा. त्यानंतर किती वेळ थांबायचं ते गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. पुस्तक हाताशी नसेल तर किमान १० मिनिटं थांबा आणि मगच कनेक्टर सोडवा. तो सुटा असताना इग्निशन चालू केलंत तर एअरबॅगचा दिवा पेटून राहतो आणि घालवायला स्कॅनर लागतो. हातात पाना घ्यायची सवय नसेल तर हे काम वायरमनकडे द्या, यात कमीपणा नाही.

इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड गाडीत नारिंगी वायरींना हात लावायचा नाही. सीटच्या खाली बॅटरी असू शकते. अशी गाडी आतून तुंबली असेल तर थेट कंपनीच्या वर्कशॉपला कळवा.

आठवडाभर झड लागली आहे, ऊन नाही. काय करू?

मुंबई-कोकणात जुलैमध्ये बाहेरच्या हवेची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. अशा वेळी दारं उघडी ठेवून काही साधत नाही, बाहेरची ओलच आत येते. त्यापेक्षा गाडीचा एसी कामाला लावा. एसी हवेतलं पाणी काढून टाकतो. तापमान गरमकडे, एसी चालू, हवा आतल्या आत फिरवणारं बटण चालू, झोत पायाकडे. अर्ध्या तासाने दोन मिनिटं काचा खाली करा आणि पुन्हा तेच. हे गाडी चालवतानाच करा. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून बसणं जिवावर बेतू शकतं, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आणि ओल एसीच्याच तुंबलेल्या नळीमुळे असेल तर आधी ती मोकळी करा, नाहीतर वाळवताना भिजवत बसाल.

कार्पेट सुटं करता येत असेल तर घरात पंख्याखाली किंवा एसीच्या खोलीत पसरा. घरचे दोन दिवस कुरकुरतील. घरी डीह्युमिडिफायर असेल तर तो गाडीत ठेवून काचा बंद करा, वायर येण्यापुरती फट ठेवून ती कापडाने बुजवा. यावर वॉटरप्रूफ कव्हर मात्र घालू नका. ओली गाडी कव्हरमध्ये बंद करणं म्हणजे बुरशीला पाळणाघर काढून देणं.

हेअर ड्रायर, वर्तमानपत्रं, बल्ब, सिलिका जेल, मीठ... यातलं काय चालतं?

वर्तमानपत्रं वरची ओल टिपतात, तासातासाने बदलली तर उपयोगी. हेअर ड्रायर लांबून फिरवता येतो. एका जागी धरला तर कार्पेट आक्रसतं. कपाटात बल्ब लावतात तसा कार्पेटखाली बल्ब ठेवायचा विचार मनातून काढा, आग लागेल. सिलिका जेलच्या पुड्या आणि मिठाची वाटी हे भिजलेल्या नमद्यापुढे काहीच नाही. कपाटात टांगायच्या कॅल्शियम क्लोराइडच्या पिशव्या शेवटची ओल टिपायला बऱ्या, पण त्यात साठलेलं पाणी सांडलं तर पत्रा गंजतो. पिशवी सरळ टांगलेली राहील याची काळजी घ्या.

वास जात नाही. कापूर ठेवलाय, परफ्यूम लावलाय.

मग आता कापूर घातलेल्या बुरशीचा वास येत असेल. वास म्हणजे खाली ओल आहे, एवढाच त्याचा अर्थ. पूर्ण वाळल्यावर वास उरला तर कोमट पाण्यात थोडा सौम्य डिटर्जंट घालून कार्पेट ब्रशने घासा, पाणी व्हॅक्यूमने ओढा आणि पुन्हा वाळवा. बुरशीचे डाग असतील तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं फवारा. ब्लीच व्हिनेगरमध्ये कधीही मिसळू नका, विषारी वायू सुटतो. शेवटी खाण्याचा सोडा रात्रभर भुरभुरून ठेवा आणि सकाळी ओढून घ्या. एसीचा केबिन फिल्टरही बदला, बऱ्याचदा वास तिथे दडून बसलेला असतो. दम्याचा त्रास असणाऱ्याने हे काम करू नये, आणि करणाऱ्याने मास्क लावावा.

हे पाणी गळतीचं नाही, पुराचं आहे. तरी हेच करू?

नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा कोल्हापुरात शिरली, २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीने चिपळूण बुडवलं. अशा पाण्यात गटार, डिझेल, मेलेली जनावरं सगळं असतं. लेप्टोस्पायरोसिसचा धोका खरा आहे. हातमोजे आणि गमबूट घाला, पायाला जखम असेल तर आत उतरू नका.

आणि गाडी चालू करून बघू नका. किल्लीला हातसुद्धा लावू नका. इंजिनच्या सिलिंडरमध्ये पाणी असेल तर एका सुरुवातीत कनेक्टिंग रॉड वाकतो. फोटो काढा, विमा कंपनीला कळवा, गाडी टो करून न्या. आतला फोम आणि नमदा धुऊन वापरण्याच्या भानगडीत पडू नका, नवा घाला. गाळ त्यातून कधीच पूर्ण निघत नाही.

समुद्रावर गाडी नेऊन भरतीत अडकवणाऱ्यांसाठी: खारं पाणी वाळवण्याआधी गोड्या पाण्याने दोन-तीनदा धुवावं लागतं. मीठ उरलं तर ते हवेतली ओल ओढत राहतं आणि पत्रा आतून खातं.

विमा मिळेल का?

पुराने झालेलं नुकसान सर्वंकष विम्यात येतं, नुसत्या थर्ड पार्टी विम्यात येत नाही. तुंबलेली नळी किंवा जुनं रबर यामुळे झालेली गळती ही देखभालीची बाब मानली जाते, तिथे फार आशा ठेवू नका. पाण्यातून काढल्यावर सेल्फ मारून इंजिन बिघडवलंत तर इंजिन संरक्षणाचं जास्तीचं कव्हर नसताना दावा बहुधा नाकारला जातो. छोट्या खर्चासाठी दावा करण्याआधी हिशेब मांडा: १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीचे १,००० रुपये स्वतः भरावे लागतात आणि वर नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो. तो पहिल्या वर्षानंतर २० टक्के असतो आणि सलग पाच वर्षांनी ५० टक्क्यांपर्यंत चढलेला असतो.

गाडीत लॅमिनेशन आणि सेव्हन-डी मॅट आहेत. कार्पेट सुरक्षित ना?

उलट. ॲक्सेसरीच्या दुकानात कार्पेटवर रेक्झिनचं लॅमिनेशन बसवून देतात. वरून सांडलेला चहा पुसता येतो हे खरं, पण पाणी खालून आलं तर ते वर दिसतच नाही. मी पाहिलेल्या सगळ्यात कुजलेल्या नमद्यावर चकचकीत लॅमिनेशन होतं. निदान पावसाळ्याच्या सुरुवातीला, मध्यावर आणि शेवटी एक कोपरा उचलून बघा.

भिजून दोन आठवडे झाले, गाडी व्यवस्थित चालतेय. सोडून देऊ?

काचा सकाळी आतून धुकट होतात का? मधेच एखादी काच वर जात नाही, सेंट्रल लॉक आपोआप खडखडतं, डॅशबोर्डवर अनोळखी दिवा लागतो? वायरिंगचा मुख्य जुडगा बहुतेक गाड्यांत उंबऱ्याच्या पट्टीखालून, म्हणजे नेमका ओलीतून जातो. काही गाड्यांत कंट्रोल युनिटही कार्पेटखाली असतं. कनेक्टरवर हिरवट बुरा दिसला तर वायरमनला दाखवा. कार्पेटपेक्षा ते दुखणं कितीतरी महाग.

किती दिवसांनी परत बसवू?

चांगल्या उन्हात सुटं कार्पेट एका-दोन दिवसांत वाळतं, जाड नमद्याला तीन ते पाच दिवस लागतात. पावसाळी हवेत आठवडाही जातो. तारखेवर जाऊ नका. नमदा संध्याकाळी वजन करा, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा करा. सामानाच्या बॅगा तोलायचा हुकाचा काटा चालतो. वजन उतरायचं थांबलं आणि मधोमध नाक लावल्यावर वास आला नाही की बसवा. पण त्याआधी वायपरच्या जाळीवर एकदा बालदीभर पाणी ओता आणि उघड्या पत्र्यावर थेंब येतो का ते बघा.